धुळाक्षरांची पोथी

निजामाच्या राज्यात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. कचेरीचा कारभार उर्दूत चाले आणि मराठी पुस्तक हवे असेल तर ते पुण्याहून टपालाने मागवावे लागे. सुंदररावांनी असाच मागवलेला मराठी कवींचा एक इतिहास वाचला. त्यात आपल्या मुलखाला जेमतेम दीड पान मिळालेले पाहून त्यांनी ठरवले, की इकडच्या कवींचा इतिहास आपणच लिहायचा.

सुंदरराव मुळात कादंबरीकार. एखादे जुने घर दिसले की त्यात कोण राहिले असेल, काय बोलले असेल, हे त्यांना आपोआप सुचे. या सवयीचीच त्यांना आता भीती वाटू लागली. कादंबरीत शोभते ते इतिहासात खोटे ठरेल, म्हणून त्यांनी स्वतःला एक नियम घातला. पोथीच्या शेवटच्या पानावर कवीचे नाव, गाव आणि शक लिहिलेला असेल, तरच त्या कवीला पुस्तकात जागा द्यायची. ज्याला जागा नाही, त्याची एक ओळदेखील उतरवून घ्यायची नाही. घेतली तर मोह होणार.

हा नियम घेऊनच ते घाटनांदूरला चंद्रभागाबाईंकडे गेले. चार पिढ्यांपूर्वी त्या घरात सत्यभामा नावाची सून होती. तिने सीतेवर काव्य रचले होते. रानात राहणारी सीता आपल्या मुलांना धुळीत बोटाने अक्षरे गिरवायला शिकवते, एवढाच त्याचा विषय. पोथी देवघरातल्या फळीवर लाल रुमालात बांधलेली असे. श्रावणात ती सोडत, कुणाकडून तरी वाचून घेत आणि पुन्हा बांधून ठेवत.

चंद्रभागाबाईंना वाचता येत नव्हते. त्या समोर बसून राहिल्या. सुंदररावांनी अर्धी दुपार पोथी वाचली. मग शेवटचे पान शोधले. ते नव्हते.

"काकू, पोथी खंडित आहे," ते म्हणाले. "शेवट नाही, शक नाही. मला घेता येणार नाही."

"आतमधी नाव हाय की तिचं."

"नाव आहे. पण ती कोणती सत्यभामा, केव्हाची, कशावरून सांगू?"

दारात चंद्रभागाबाईंचे दीर गहिनीनाथ बैलांची वेसण वळत बसले होते. ते म्हणाले, "वैनी, ह्यांनी कादंबरीत राजाची पोरगी आणली, तवा तिच्या बापाला शक इचारला न्हाई. आन आपल्या घरच्या बाईला पुरावा मागतेत. का म्हून?"

सुंदरराव हसले. चंद्रभागाबाई हसल्या नाहीत. "तिचं नाव बुकात यावं, येवडीच इच्छा व्हती," असे म्हणून त्यांनी रुमालाची गाठ बांधली.

घरी येऊन सुंदररावांनी पुस्तक पुढे नेले. नावे, गावे, शक सगळे चोख होते. पण स्वतःचेच लिखाण वाचताना त्यांना मेलेल्या माणसांची हजेरी घेतल्यासारखे वाटे. आणि मध्येच सत्यभामेची ती सीता आठवे. मूल अक्षर चुकते, आई रागवत नाही, धुळीवरून तळहात फिरवते आणि जागा पुन्हा कोरी करून देते. इतक्या पोथ्या चाळल्या, पण मुलाच्या चुकीपाशी इतका वेळ थांबलेला दुसरा कवी त्यांना भेटला नव्हता. नियम वाकवायचा, असे शेवटी त्यांनी ठरवले. उन्हाळ्याच्या तोंडी कागदांचा गठ्ठा घेऊन ते पुन्हा घाटनांदूरला गेले.

"काकू, पोथी काढा. सगळी उतरवून घेतो."

चंद्रभागाबाई म्हणाल्या, "पोथी कुठली आता? तुमीच म्हनलात खंडित हाय."

"मग?"

"खंडित वस्तू देवघरात ठिवत न्हाईत. भावजी सोमवतीला गंगाखेडला गेलते, त्यांच्यासंगं दिली. गोदागंगंत सोडली."

खंडित मूर्ती, खंडित पोथी पाण्यात सोडतात, हे सुंदररावांना लहानपणापासून ठाऊक होते. तो शब्द त्यांनी देवघरासमोर बसून उच्चारला होता. तेव्हा त्यांच्या मनात फक्त आपले पुस्तक होते.

गहिनीनाथ या वेळी थट्टेने बोलले नाहीत. "हळद-कुकू वाहून सोडली, सुंदरराव. अशीच फेकली न्हाई," एवढेच म्हणाले.

सुंदररावांनी तिथेच आठवून एक ओवी लिहिली आणि वाचून दाखवली:

धुळीवरी जे लिहिले । ते तळहाते म्यां पुसिले ।
परी बोटीं तुझ्या राहिले । लिही पुन्हा ॥

"हीच होती का, काकू? आठवते का?"

"श्रावणात ऐकायची मी, पर धेनात कुठलं ऱ्हातंय? तुमी म्हनता तर तशीच आसंल. तुमी लई शिकल्याले."

सुंदररावांना हेच नको होते. पहिल्या दोन चरणांची त्यांना खात्री होती. तिसरा सत्यभामेचा, की कादंबरी लिहिणाऱ्या त्यांच्या हाताने मागाहून जुळवलेला? तो चरण सुंदर होता, म्हणूनच त्यांना त्याचा संशय येत होता. वाटभर त्यांनी ओवी घोळवून पाहिली, आणि जितकी घोळवली तितकी ती त्यांचीच होत गेली. घरी पोचल्यावर त्यांनी तो कागद फाडला.

पुस्तक छापून आले तेव्हा पहिली प्रत त्यांनी घाटनांदूरला नेली. पान उघडून ते वाचू लागले: "घाटनांदूर येथील सत्यभामा हिचे सीतेवरील काव्य मी हाती घेऊन वाचले होते, आणि खंडित म्हणून परत दिले. ते आता नाही."

"नाव आलं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "आन तिनं लिव्हल्यालं?"

"ते नाही, काकू."

"मंग वाचनारानं काय वाचायचं?"

सुंदररावांनी पुस्तक मिटले. चंद्रभागाबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि देवघरात नेले. फळीवर पोथीचा लाल रुमाल घडी करून ठेवलेला होता. त्यांनी तो उलगडला, पुस्तक त्यात ठेवले आणि गाठ बांधली. नको म्हणावे असे सुंदररावांना वाटले; त्या रुमालात आता सत्यभामेची एकही ओळ नव्हती.