माकारिये बाबाच्या घंगाळातलं पाणी

त्या रविवारी चर्चच्या अंगणात मुंगीला वाट नव्हती. मधोमध भट्टी पेटलेली, शेजारी तांब्याचं घंगाळ, त्यावर सब्जाची जुडी तरंगत होती. माकारिये बाबाची दाढी बेंबीला टेकलेली. कुठल्या मठातून आला हे कुणी विचारलं नव्हतं. काळा झगा पाहिला की आमच्या गावाच्या डोक्याला सुट्टी मिळते.

बाबानं लालभडक पातं घंगाळात बुडवलं. चर्र झालं. मग त्यानं पात्यावर नवी कानस फिरवली. काचेवरून सरकावी तशी ती सरकली, ओरखडासुद्धा उठला नाही, म्हणजे पातं पक्कं कडक.

"ऐका, कानस रडतेय," बाबा म्हणाला. "हे सात संतांच्या झऱ्याचं पाणी. तोंड लावाल तर जीभ वाळेल. आणि हे पाणी पाजलेल्या पात्याला पुन्हा आग दाखवू नका, कृपा उडून जाईल."

लोकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. माझा मुलगा ओब्राद सगळ्यांत पुढे.

त्याचंही नवल नाही. बाप गेला तेव्हा तो शाळेत होता. जुन्या कानशी ठोकून पाती करायची विद्या त्याला बापाबरोबर घण मारणाऱ्या कूम विदाकनं शिकवली. कूम म्हणजे आमच्या लग्नाचा साक्षीदार, पोराला नाव ठेवणारा. रक्तापेक्षा वरचं नातं; मला तो कूमा म्हणतो. पण ओब्रादच्या पात्यांवर मऊ डाग राहायचे, तिथं कानस चावायची. गिऱ्हाइकं तुटत होती. बाबाच्या पाण्यानं डाग गेले. दुसऱ्या दिवशी गावभर डुकरं कापायची होती आणि प्रत्येक घरासाठी त्याच पाण्यात बुडवलेली सुरी, माझ्या नवऱ्याच्या, तिहोमिरच्या शिक्क्याची, पेटीत तयार होती.

ती आगीची बंदी मला खुपली. तिहोमिर पाणी पाजलेली पाती, मी पाव काढले की, माझ्या भट्टीत ठेवायचा. वाळल्या गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की बाहेर काढायचा. मी चिडायचे, पावाला लोखंडाचा वास येतो म्हणून.

मी पेटीतली एक सुरी उचलली, शिकंज्यात धरली आणि हातोडीनं टिचकी मारली. खडीसाखरेसारखे दोन तुकडे.

"आई, काय केलंस?" ओब्राद धावला.

"उद्या हेच तुकडे कुणाच्या तळहातात घुसले असते, ते वाचवलं."

"आजीबाईंच्या हातात श्रद्धा नाही," बाबा गोड हसला, "म्हणून मोडलं."

"श्रद्धा नाही, पण जीभ आहे," मी म्हणाले, आणि ओंजळभर पाणी प्याले.

जीभ काही वाळली नाही. खारट लागलं. मग आंबट. कोबीच्या पिंपातलं पाणी. आणि त्यामागून बिहीची, त्या सुवासिक तुरट फळाची चव आली. कोबी खारवताना कुणी मक्याचे दाणे टाकतं, कुणी बीट. बिहीच्या फोडी या गावात एकटीच टाकते. विदाकची बायको, पेर्सा.

मी वळून पाहिलं. विदाक बुटांकडे बघत होता.

"कूमा, घरी बोलू," तो पुटपुटला.

"इथंच बोल. गाव आयतं जमलंय."

"तिहोमिरनंच सांगितलं होतं," तो हळू म्हणाला. "साध्या पाण्याची तापल्या पात्यावर वाफ धरते, तिथं पातं नीट निवत नाही, मऊ राहतं. मीठ ती वाफ धरू देत नाही. पोराला सांग, म्हणाला होता."

ओब्राद पुढे आला. "काका, मी तुला विचारलं होतं ना, डाग का राहतात?"

"विचारलं होतंस."

"काय म्हणालास?"

"हात कच्चा आहे तुझा, म्हणालो."

इतकी वर्षं पोर आपल्या हातांना शिव्या देत होतं.

"जन्मभर घण मी मारला, कूमा," विदाक म्हणाला, "आणि शिक्का त्याचा. गुपित तरी माझं राहावं, वाटलं. मग हा बाबा भेटला, त्याला पाणी मीच दिलं."

बाबा झगा गोळा करून फाटकाकडे निघाला होता. मी हाक मारली, "थांबा बाबा, अजून एक चमत्कार बघून जा." घरून माझ्या पिंपातलं पाणी आणवलं. ओब्रादनं नवं पातं तापवून त्यात बुडवलं. कानस तशीच सरकली.

"माझ्या पिंपावर आजवर शिव्याच पडल्यात," मी म्हणाले, "प्रार्थना एकही नाही."

तेव्हा लोक हसले. बाबा मात्र थांबला नाही.

दुपारभर सगळ्या सुऱ्या माझ्या भट्टीत पिवळ्या झाल्या. मंद आचेवर पातं थोडा कडकपणा सोडतं आणि चिवट होतं. मग कानस जराशी चावते, पण पातं मोडत नाही. बाबाला नुसती कानस सरकवून दाखवायची होती, म्हणून आगीची बंदी. सकाळी डुकरं कापली गेली, माणसांची बोटं जागेवर राहिली.

कूमचं नातं आमच्यात मोडता येत नाही. कुलसंताच्या सणाला विदाकची खुर्ची मी मांडीन, ताट वाढीन. त्याच्या डोळ्यांत मात्र बघणार नाही.

मी चार इयत्ता शिकलेली बाई, तुम्हाला काय सांगणार? पण कुणी म्हणालं, "चाखू नका, पुन्हा तपासू नका," तर आधी तेच करा. आणि ते सांगणारा तुमच्या लग्नातला साक्षीदार असला, तरी करा.