बोटांना कळायला हवं

लुझमिलाच्या अंगठ्यात काटा अर्धा रुतला होता. तिला काही जाणवलं नव्हतं. गुच्छ गुंडाळायच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल ठिपका उमटला तेव्हा कळलं. कायाम्बे गावातल्या गुलाबांच्या शीतगृहात फुलं निवडता निवडता तिची बोटं कधी बधिर झाली, हे तिला सांगता आलं नसतं. दर वर्षी ती म्हणायची, फेब्रुवारीचा हंगाम उरकला की हे काम सोडते. हंगाम उरकत गेले आणि ती पन्नाशीला टेकली.

त्या रविवारी ती तार्हेलियाच्या भट्टीवर गेली. तार्हेलिया तिच्या मुलीची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. ती बिस्किटं भाजून विकायची आणि लुझमिलाला कधीपासून कामाला बोलवत होती.

"आलीस एकदाची. मला वाटलं, आता माझ्या मयतालाच येशील, फुलं घेऊन."

"तीही वाकड्या देठांची. सरळ देठांची सगळी परदेशी जातात."

तार्हेलिया हसली आणि तिने मळलेला गोळा पुढे सरकवला. "दाबून बघ. लोणी मुरलंय की नाही, ते बोटांनाच कळतं."

लुझमिलाने दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. गोळा मऊ आहे हे डोळ्यांना दिसत होतं, बोटांना मात्र काहीच लागत नव्हतं. यायला उशीर झाला होता, बहुधा फारच.

"काय म्हणतंय पीठ?"

"काही नाही." तिने हात मागे घेतला नाही. "मला कळत नाहीये गं. पुढे कळेल का, तेही माहीत नाही. पण उद्यापासून मी फुलांच्या कामावर जाणार नाही."