समुद्रातल्या तक्रारी

पाण्याच्या तक्रारींचा डेटाबेस तनुजाने पुणे शहराच्या नकाशाला जोडला आणि येरवड्यातल्या एका वस्तीच्या चारशे बारा तक्रारी आफ्रिकेजवळच्या समुद्रात जाऊन पडल्या. त्या घरांचं ठिकाण कुणी नोंदवलंच नव्हतं. अक्षांश-रेखांशाच्या रिकाम्या रकान्यांत सॉफ्टवेअरने शून्य धरलं होतं, आणि शून्य-शून्य हा बिंदू नेमका त्या समुद्रात येतो.

"डिलीट कर त्या. उद्या मोठे साहेब येतायत, नकाशा स्वच्छ दिसला पाहिजे," तिचे बॉस विश्वजीतसर म्हणाले.

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने तिथल्या बायका हंडे घेऊन टँकरमागे धावतायत, आणि ह्यांना नकाशाची स्वच्छता सुचतेय!

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांसमोर पुणे उघडलंच नाही. पडदाभर निळा समुद्र, मधोमध एकच लाल ठिपका, त्यावर आकडा चारशे बारा.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"येरवडा, साहेब. बघा, पाणीच पाणी."