ताजबीच्या घराचा ठिपका

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराला अय्युबभाई मुलाणी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसत. कॅमेरा बंद, माईक बंद. शर्ट कुणाला दिसणार नसे, तरी घालत.

"कोन बघत न्हाय तर नटता कशाला?" त्यांची बायको ताजबी विचारायची.

"आपण तर बघतो ना त्यांना," ते म्हणायचे.

ते म्हणजे नकाशावाले. कुणालाही फुकट वापरता येईल असं नकाशे बनवायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते वापरणारी महाराष्ट्रभरची तीस-चाळीस माणसं महिन्यातून एकदा ऑनलाइन जमत. कुणी गावच्या विहिरी मांडत असे, कुणी बिबट्याच्या खुणा, कुणी एसटीचे थांबे. पुण्याची वल्लरी नावाची मुलगी सगळ्यांना सांभाळून घ्यायची. शेवटची वीस मिनिटं 'अडलंय' म्हणून राखून ठेवलेली. ज्याचं जे अडलं असेल ते त्याने विचारायचं.

अय्युबभाईंनी चौदा महिन्यांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. तिथे इंजिनिअर, प्राध्यापक, आणि हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ट्रेसर. मूळ नकाशावर पारदर्शक कापड पसरायचं आणि शाईने त्याची हुबेहूब नक्कल काढायची, हे त्यांचं काम. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या रेघा गिरवल्या, त्याने या लोकांना काय विचारायचं?

यंदा मात्र त्यांनी एक नकाशा स्वतःच्या मनाने करायला घेतला होता. जुन्या पळसदेवचा. उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा ताजबी अकरा वर्षांची होती. घर, गल्ली, चावडी सगळं बुडालं. अय्युबभाईंशी तिचं लग्न झालं ते नव्या गावठाणातल्या घरातून. उन्हाळ्यात पाणी हटलं की जुनं देऊळ उघडं पडतं, आसपासची घरांची जोतीही दिसतात. दरसाल लोक बघायला जातात. ताजबी कधी गेली नव्हती. "त्या गाळात कुठं हुडकत बसू?" म्हणायची. आता तर गुडघे धरलेले. म्हणून अय्युबभाईंनी ठरवलं होतं, आधी घर नकाशात हुडकायचं आणि मग तिला थेट तिथेच नेऊन उभं करायचं.

धरणाआधीच्या मोजणीची एक जुनी शीट खात्याने टाकून दिली तेव्हा त्यांनी ती घरी आणली होती. तिच्यावर फक्त राहती घरं होती, नंबरवार. छप्पन्न नंबर ताजबीच्या अब्बांचा. शीट स्कॅन केली, तिच्यावरच लिहिलेले चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश भरले आणि ती आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवली. देऊळ त्या चित्रातच दिसत होतं. छप्पन्न नंबरवर त्यांनी लाल ठिपका दिला आणि गुरुवारी दुपारी ताजबीला हाक मारली.

तिने चष्मा लावला. "हे देऊळ?"

"व्हय."

"आन आमचं घर हितं?" तिने बोट ठेवलं, उचललं. "न्हाय. हे आमचं न्हाय."

"नंबर अब्बांचाच हाय की."

"नंबर आसल. सकाळी ऊन आलं की शिखराची सावली आमच्या अंगणात यायची. शेजारची कुशाबाई आन मी त्या सावलीत गजगं खेळायचो. तुमी घर ठिवलंय देवळाच्या उगवतीला. तितं सकाळची सावली कशी यील?"

"तू अकरा वर्साची व्हतीस. उपग्रह काय चुकतो व्हय?"

बोलून गेले. ताजबीने चष्मा काढला, पदराने पुसला, घडी घालून ठेवला.

"बारकी व्हती मी," ती म्हणाली. "चुकलं आसल."

आणि आत निघून गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं त्या सावलीची गोष्ट ती सांगत आली होती. पाहुण्यांना, सुनांना, शेजारणींना. गुरुवारनंतर तिने पळसदेवचं नावही काढलं नाही. घर पाण्याने नेलं होतं, उरलेली सावली आपण नेली, असं अय्युबभाईंना वाटलं.

रविवारी 'अडलंय' सुरू झालं तेव्हा त्यांनी हात वर केल्याचं बटण दाबलं. लगेच घाबरून ते परत घ्यायला गेले, तर घेता येईना.

"अय्युब मुलाणी!" वल्लरी म्हणाली. "आज पहिल्यांदाच. बोला काका."

ते बोलू लागले. बरंच बोलले.

"काका, माईक."

"हं. आता येतंय का? माझं तसं किरकोळ आहे. दुसऱ्या कुणाचं असेल तर आधी..."

"तुमचंच आधी."

त्यांनी शीट दाखवली, ठिपका दाखवला, सावलीची गोष्ट सांगितली. "आमची मंडळी म्हणते घर देवळाच्या मावळतीला होतं. नकाशा म्हणतो उगवतीला. तिचं खरं निघावं असं मला वाटतं." ते थांबले. "पण असं वाटून चालत नाही ना."

कुणीच हसलं नाही. अथर्व नावाचा एक तरुण म्हणाला, "काका, शीटच्या समासात खाली काय लिहिलंय?"

समास? तो तर त्यांनी स्कॅन केल्यावर चित्रातून कापून टाकला होता. समासात काय असणार!

"ताजबी," त्यांनी आत हाक मारली, "कपाटावरची ती गुंडाळी आण गं."

ती पिठाचे हात पुसत आली. एक टोक तिने धरलं, एक त्यांनी. शीट पुन्हा पुन्हा गुंडाळली जात होती. अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. अय्युबभाईंनी ती वाचली आणि त्यांचे कान तापले. ही ओळ नोकरीत त्यांनी स्वतःच्या हाताने शेकडो नकाशांवर उतरवली होती. अक्षर असं की साहेब इतरांना बोलावून दाखवत. पण कधी वाचली नव्हती. ट्रेसर अक्षरं वाचत नाही, काढतो.

"एव्हरेस्ट लिहिलंय," ते हळूच म्हणाले.

"सापडलं!" अथर्व ओरडला. दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या.

वल्लरीने समजावून सांगितलं. जुन्या मोजणीत पृथ्वीचा आकार जरा वेगळा धरत, त्या पद्धतीचं नाव एव्हरेस्ट. ते आकडे आजच्या उपग्रहाच्या मोजणीत तसेच भरले, की सगळं गाव जवळपास दीडशे मीटर आग्नेयेला सरकतं. "आणि वाईट वाटून घेऊ नका काका. हे आम्ही सगळ्यांनी केलंय. मी एकदा अख्खं गाव नदीत घातलं होतं."

"आमचं आदीच हाय पान्यात," ताजबी मागून म्हणाली.

मग जो हशा उठला, तो बराच वेळ थांबेना. "या काकू कोण?" कुणीतरी विचारलं.

"ह्याच त्या. सावलीवाल्या," अय्युबभाई म्हणाले, आणि त्यांनी कॅमेरा सुरू केला.

अथर्वने एकेक बटण सांगितलं. शेवटचं दाबताच पडद्यावरची सगळी घरं एकदम उचलली गेली आणि दुसऱ्या जागी टेकली. लाल ठिपका देवळाच्या मावळतीला, चाळीसेक पावलांवर.

ताजबीने चष्मा लावला.

"माझंच चुकलं," अय्युबभाई म्हणाले.

"माईक चालू हाय न्हवं?"

"हाय."

"मग ऐकलं समद्यांनी. आता फिरू नका."

शनिवारी दोघं पळसदेवला गेले. ताजबीचा भाऊ मुन्नाने जीपमधून काठापर्यंत सोडलं. पुढे भेगाळलेला गाळ, मधेच वेड्या बाभळीची झुडपं, बगळे. अय्युबभाईंच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात ताजबीचा दंड.

"डावीकडं," ते म्हणाले. "आजून सरळ. थोडं डावीकडं."

देवळाच्या बाजूने वळले तसा तिने दंड सोडवून घेतला. ते डावीकडं म्हणत होते आणि ती उजवीकडे निघाली. गुडघे दुखणारं माणूस चालतं तशी, डुलत, पण न थांबता. एका झुडपाला वळसा घालून, गाळातून वर आलेल्या दगडांच्या रांगेपाशी ती उभी राहिली.

अय्युबभाईंनी फोनमध्ये पाहिलं. ठिपका तिथून आठ मीटरवर होता. या वेळी त्यांनी फोन खिशात घातला.

ती दगड ओलांडून आत गेली. एका जागी उभी राहिली, मग दोन पावलं सरकून दुसऱ्या जागी. चूल कुठे होती ते बघत असावी. अय्युबभाईंनी पाय उचलला.

"अवो! चपला!"

"हितं? ह्या गाळात?"

"ह्या घरी पयल्यांदा येताय. जावई चपला घालून आत येतो व्हय?"

अय्युबभाईंनी चपला काढल्या आणि दगडांच्या बाहेर, जोडीने, नीट लावून ठेवल्या. वरचा गाळ उन्हाने तापलेला होता, खालून गार लागत होता.

"वाकून या," आतून ती म्हणाली. "दार ठेंगणं हाय आमचं, डोकं लागतं."

वर मोकळं आभाळ होतं. अय्युबभाई वाकले आणि आत गेले.