पोहण्याचा तास

“माझी पोरगी सहा वर्षांची आहे. तिनं कुणाचं काय वाकडं केलंय?” टॅनर ब्रीलंडनं विचारलं.

मिसिसिपीतल्या आमच्या छोट्या गावाच्या नगर परिषदेची बैठक चालली होती. पहिल्या रांगेत ओझेला पेटवे मांडीवर पर्स घेऊन बसली होती. ती निवृत्त नर्स. कित्येक वर्षं दर शनिवारी ती परिषदेच्या पोहण्याच्या नव्या तलावात मुलांना पोहायला शिकवते. फक्त काळ्या मुलांना, पैसे देणाऱ्या देणगीदारांची तशी अटच होती. टॅनरची मुलगी गोरी, म्हणून तिला नावनोंदणीच्या खिडकीवरून परत पाठवलं. त्यानं परिषदेला वकिलाची नोटीस धाडली.

“वकील सापडला, माझं घर नाही सापडलं होय तुला?” ओझेला म्हणाली. लोक हसले.

“आलो असतो तर तिला घेतलं असतंत?”

“ठाऊक नाही,” ती म्हणाली.

मी उभा राहिलो. आयुष्य ग्रंथालयात गेलं. चारचौघांत बोलायची सवय नाही.

“त्रेसष्ट साली कोर्टानं सांगितलं, गोऱ्यांचा जुना तलाव सगळ्यांना खुला करा. तर गावानं त्यात माती भरली. पुढच्या उन्हाळ्यात ओझेलाचा भाऊ ल्यूशस नदीवर पोहायला गेला आणि बुडाला.”

नीट बोललो की नाही, अजून कळत नाही.

“माहीत आहे, गॅडीकाका,” अध्यक्ष डेमेट्रिअस म्हणाला. तो आम्हा काळ्यांतलाच, ओझेलाच्याच हाताखाली पोहायला शिकलेला. म्हणून तर मी निर्धास्त होतो. “मिस ओझेला, तास सगळ्यांना खुला केला, तर देणगीदार पैसे परत मागतात. नाही केला, तर खटला. गावाचं दिवाळं निघेल. तेव्हा तूर्त तास बंद.”

“कुणासाठी?” ओझेलानं विचारलं.

“सगळ्यांसाठी. म्हणजे कुणाची तक्रार नको.”

सदस्यांचे हात वर झाले. काळे, गोरे, सगळेच. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं पाहतो आहे. टॅनर अजून उभाच होता.

“बंद करा असं कुठं म्हटलं मी?” तो पुटपुटला. कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही.

बाहेर गाड्यांपाशी त्याची बायको मुलीला घेऊन थांबली होती. ओझेला सरळ तिकडं गेली. आता भांडण होणार, म्हणून मी मागोमाग धावलो. तिनं पर्स माझ्या हातात दिली.

“नाव काय गं तुझं?”

“हॅडली.”

“हे बघ हॅडली, पाण्यात पडलीस तर हातपाय झाडायचे नाहीत. उताणं व्हायचं, हात पसरायचे, आभाळाकडं बघायचं. कर बघू.”

तापलेल्या डांबरावर उभ्या उभ्याच पोरीनं हात पसरले, मान मागं टाकली. ओझेलानं तिच्या पाठीला तळवा लावला.

“पोट वर,” ती म्हणाली. “अजून थोडं.”