बांधावरची मायाक्का

मार्शल लॉच्या सालची गोष्ट. तिकडं सोलापुरात गोरं शिपाई हिंडत हुतं आन् हितं माझ्या बांधावर रुद्रप्पाचा नांगर.

माझं रान वरच्या अंगाला, त्याचं खाली. मधल्या बांधावर मी आन् माझ्या बायकूनं, गोजाबाईनं, चार पावसाळं खपून माळावरचा तरवड पेरलेला, ओढ्याकाठच्या मारवेल गवताची ठोंबं लावलेली. मुळ्यांनी माती अशी धरलेली की पानी जायाचं, माती ऱ्हायाची. गवतात लाव्यांनी अंडी घातलेली. आन् ह्या भाद्दरानं एका सकाळी अर्धा बांध कोरून आपल्या रानात घेतला.

"कचरा हुता की, हरिबा," म्हनला. "साफ केलो."

"तुजी मिशी बी कचराच हाय की. ती बी करू साफ?"

त्यो हसला. मला हसू आलं न्हाय. मला, ज्याला मयताला बी हसू आवरत न्हाय.

आषाढात पाऊस दणकून झाला. माझी काळी माती फुटलेल्या बांधावरनं गेली खाली, वर नुसता मुरूम. रुद्रप्पा मूठभर गाळ हातात घिऊन हुंगत म्हनला, "औंदा लई चांगला गाळ आलाय बग." पाटलाकडं जावं, तर पाटील त्याचा साडू.

मग मी माझ्या जुन्या धंद्याला लागलो, थापा मारायच्या. उरलेल्या तरवडाच्या बुडाला एक धोंडा मांडला, हळदकुंकू फासलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या. हिरीवर काशम्माच्या कानात सांगितलं, "कुनाला बोलू नगंस, बांधावर मायाक्का आलीया." बास. आता कुनाची छाती हाय नांगर घालायची?

मंगळवारी सारं गाव आलं. आन् मी चुकलो कुटं, ते तवा कळलं. देवीपुढची जागा आदी साफ करायची, मग सारवायची, ही आपली रीतच की. बायांच्या हातात खुरपी, आन् सगळ्यात म्होरं विळा घिऊन रुद्रप्पा. ऱ्हायलेला मारवेल बी सपासप कापत सुटला.

माझं डोस्कं फिरलं. अंगात आनायचं ठरवलंच नव्हतं, पर हातपाय आपसूक कापाय लागलं. टोपी फेकली, रुद्रप्पाचं मानगूट धरलं.

"माजं केस कुनी कापलं रं?"

रुद्रप्पाच्या हातनं विळा गळाला. "चुकलो, आई. ठाऊक नव्हतं."

"माज्या अंगावरनं नांगर कुनी घातला?"

"मीच घातलो, आई."

"माती वर आन. बांध घाल. ओढ्याचा मारवेल तुज्या हातानं लाव. आन् हितं झाडू, विळा, खुरपं दिसलं तर बग."

गोजाबाई पाया पडायचं निमित्त करून वाकली आन् हळूच म्हनली, "उतरा आता, भाकरी गार हुतीया."

दुसऱ्या दिवसापासनं रुद्रप्पा डोक्यावर पाटी घिऊन चढन चढतोय. मी तरवडाच्या सावलीला बसून तंबाकू मळतोय. घामानं निथळत त्यो म्होरं उभा ऱ्हायला.

"हरिबा, तुज्या अंगात येती ती. इचार की, किती माती आनली म्हंजे तिचा राग जाईल?"

मी माझ्या रानाकडं बगितलं. मुरूम उन्हात पांढरा पडलेला. लाव्यांची फुटकी टरफलं अजून तितंच.

"आन अजून," म्हनलो. "लई भडकलीया ती."