बाळंतिणीच्या पोटावरचा पट्टा

मी बाळंतिणीच्या पोटाला बांधायचा पट्टा बोलतोय. जन्माने मी लुगडं. कशेळ्याच्या बाजारातून बायजाबाईंनी मला आणलं, भाताच्या लावणीला नेसलं, धुऊन धुऊन मऊ केलं. पहिल्या बाळंतपणात मला उभं फाडून माझा पट्टा केला. त्यांची तिन्ही बाळंतपणं मी सांभाळली. मग ट्रंकेत पडून राहिलो.

यंदा त्यांची सून हर्षला बाळंत झाली नि मला पुन्हा उजेड दिसला. हर्षला शिकलेली. प्रत्येक गोष्ट मोबाइलवर वाचते आणि वाचून आणखी घाबरते. गरोदरपणात तिचं वजन बरंच वाढलं होतं. पोटाखाली वळी पडली होती आणि मी नेमका तिच्यावरच आवळला जायचो.

तिथला घाम मी पीत होतो, पण वाळायला मला वाराच मिळेना. माझ्याखालची कातडी लाल झाली, मग सोलवटली. हर्षलाला वाटलं, आपलीच अंघोळ नीट होत नाही. ती साबणाने खसाखसा घासायची, वरून सासूबाई मला ताणायच्या.

"आई, आग होते हो."

"घट नाय बांधलं तर पोट लोंबंल गं! आमाला काय झालं?"

"तुम्ही कुठे माझ्यासारख्या जाड होतात?"

"मी? वारा सुटला की झाड धरून उभी ऱ्हायची मी!"

दोघी हसल्या. मी मात्र आणखी आवळला गेलो.

एका दुपारी दूध पिता पिता छोट्या रुद्रने तिच्या पोटावर पाय मारला. ती अशी कळवळली, की पोराला तिने खाटेवर जवळजवळ टाकलंच. ते रडलं, ती त्याहून जोरात.

"जवळ घेववत नाही त्याला. कसली आई मी?"

बायजाबाईंनी मला पुरतं सोडलं आणि खाली पाहिलं. "अगं बाय! दाखवलंस का नाय?"

"लाज वाटली."

कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन वाढलं की कातडी ताणली जाते, स्वतःची राखण करायची तिची ताकद कमी पडते. आतला ओलावा टिकत नाही आणि वळीत मात्र घाम साचतो. मग पूर्वी न झोंबणारा साबणही झोंबतो. यात अस्वच्छपणा नाही. घासू नका, बांधू नका. मलम लावा. वळीत मऊ सुती तुकडा सैल ठेवा, ओला झाला की बदला."

घरी आल्यावर बायजाबाई मला मांडीवर घेऊन बसल्या. "माज्या तिन्ही पोरांचा हाय ह्यो," एवढंच म्हणाल्या. मग कडेला दात लावून त्यांनीच मला टरकावलं.

आता मी पट्टा नाही, नुसते तुकडे. रोज उकळतात, उन्हात वाळवतात. जखम हळूहळू भरतेय. वजन उतरेल तेव्हा उतरेल. काल रुद्र आईच्या पोटावर पालथा झोपला. ती हलली नाही, उलट त्याला वर ओढून घेतलं.

तुमच्याही ट्रंकेत माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची गाठ मारण्याआधी त्या बाईला एकदा विचारा, "दुखतंय का गं?" आणि ती गप्प राहिली, तर सोडून बघा.